नव्वद मिनिटं, नव्वद प्रश्न आणि ‘स्लो’ मुलगा

प्रश्न : मुलगा आठवीत आहे, एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करतोय. बौद्धिक क्षमता चाचणीच्या सराव पेपरात ९० पैकी ६६च प्रश्न सोडवून होतात, त्यातले ६० बरोबर येतात. त्याचा मित्र तासाभरात पेपर संपवतो. क्लासचे सर म्हणतात, हा फार स्लो आहे. पेपर आणि कच्चं काम सोबत पाठवलंय. वेग कसा वाढवू? — एक आई

उत्तर : ताई, नमस्कार. आधी तो ‘स्लो’ शब्द घरात बंद करा. सहासष्टात साठ बरोबर आणणाऱ्या मुलाचा पाया पक्का आहे.

वेळ आणि अचूकपणा यांचं नातं प्रश्नागणिक बदलतं. संख्यामाला, सांकेतिक भाषा असे हातातले प्रश्न असले की बरोबर उत्तर बहुधा लवकरच सुचतं. तिथे फार वेळ गेला तर समजायचं, गाडी अडकली आहे. नव्या, गुंतागुंतीच्या प्रश्नांचं उलट असतं. जर्मनीतल्या प्रौढांच्या चाचण्यांवर २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वाचनाच्या प्रश्नांत कमी वेळ घेणाऱ्यांची उत्तरं जास्त बरोबर आली, तर संगणकावर समस्या सोडवण्याच्या प्रश्नांत जास्त वेळ देणाऱ्यांची. त्यामुळे मित्राने तासात पेपर संपवला, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. त्याचे बरोबर किती आले, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

आता तुमच्या मुलाचं कच्चं काम. आरशात ४:२० दिसतात, तर खरे किती वाजले? त्याने अख्खं घड्याळ काढलंय, काटे खोडून पुन्हा काढलेत, मग कागद उलटा धरून पाहिला असावा, कारण मागच्या बाजूलाही रेघा उमटल्यात. उत्तर बरोबर आहे. पण ११:६० मधून ४:२० वजा केले की ७:४० लगेच येतात. त्याला घाई शिकवू नका, ही रीत शिकवा. वेग त्यातूनच येईल.

पुढच्या सरावात तुम्ही शेजारी बसा आणि प्रत्येक प्रश्नाला लागलेला वेळ टिपा. दीड मिनिट उलटलं की खूण करून पुढे जायचं. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून शेवटची दोन मिनिटं राखून उरलेले सगळे गोळे रंगवायचे. चार पर्याय असल्याने २४ रिकाम्या प्रश्नांत सरासरी सहा गुण असेच हातचे जातात, आणि वर्षाला १२,००० रुपयांच्या शिष्यवृत्तीसाठी सहा गुण फार मोलाचे आहेत.

तीन पेपर झाले की टिपलेल्या वेळांसकट मला पाठवा.