वडील जळगावच्या दवाखान्यात दहा दिवसांपासून, रात्रंदिवस मी एकटाच. आता जीव थकला. काय करू?

भाऊ, आधी एक सांगतो. थकलात म्हणजे माया कमी झाली असं नाही. माझी आई धुळ्यात अ‍ॅडमिट होती तेव्हा मी पण सहा रात्री कॉटखाली सतरंजीवर काढल्या. चौथ्या रात्री तिने मलाच ओळखलं नाही, सलाईन ओढायला लागली, आणि मी तिच्यावर ओरडलो. ते अजून सलतं.

नंतर कळलं, म्हाताऱ्या पेशंटला दवाखान्यात अचानक असा भ्रम होतो. त्याला डिलिरियम म्हणतात. इन्फेक्शन, पाण्याची कमतरता, झोपमोड, काही औषधं ही त्याची कारणं. संध्याकाळनंतर तो वाढतो. ते मुद्दाम करत नाहीत. चष्मा, कानाचं मशीन जवळ ठेवा, दिवसा खिडकीचा उजेड येऊ द्या, आणि डॉक्टरांना लगेच सांगा, सकाळच्या राउंडची वाट बघू नका.

पाळी लावाच. रावेर-यावलकडे केळीची कापणी सुरू असली की भाऊबंद येत नाहीत, मला माहीत आहे. तरी "कधी येतोस" असं मोघम विचारू नका, "मंगळवारी रात्री तू" असं नाव घेऊन सांगा. बहीण-वहिनीवरच सगळं टाकू नका. कूस बदलायची पद्धत सिस्टरकडून शिकून घ्या, नाहीतर तुमची कंबर जाते.

वडील सत्तरीपुढचे असतील तर सरकारी मोफत उपचाराचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, उत्पन्नाची अट नाही. आज रात्री मात्र कोणाला तरी बसवून घरी जा, झोपा.