सैंधव : मीठ की घोडा?

प्रश्न असा आला आहे : सैंधव म्हणजे उपवासाचं मीठ, मग अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, घोड्याच्या नावांमध्ये ‘सैन्धव’ कसं?

दोन्ही अर्थ खरे आहेत आणि दोन्हींचं मूळ एकच, सिंधू. पांडूपासून पांडव, कुरूपासून कौरव, तसंच सिंधूपासून सैंधव. जे सिंधूकडचं ते. म्हणून सिंधुदेशाचा राजा जयद्रथ हाही महाभारतात ‘सैन्धव’च. त्या भागातून दोन गोष्टी नावाजल्या गेल्या, खाणीतलं मीठ आणि जातिवंत घोडे. पाकिस्तानातल्या झेलमजवळच्या खेवड्याच्या खाणीतून असं मीठ आजही निघतं. आणि घोड्यांचं म्हणाल, तर ऋग्वेदातल्या नदीसूक्तात (१०.७५) सिंधू नदीलाच ‘स्वश्वा’, म्हणजे उत्तम घोड्यांची, म्हटलं आहे.

मला सगळ्यात आवडतं ते बृहदारण्यक उपनिषद, कारण तिथे हे दोन्ही सैंधव भेटतात. याज्ञवल्क्य ऋषी पत्नी मैत्रेयीला ‘सैन्धवखिल्या’चा, म्हणजे मिठाच्या खड्याचा, दृष्टान्त देतात : पाण्यात टाकला की विरघळतो, वेगळा उचलता येत नाही, पण पाणी कुठूनही घ्या, खारटच. पुढे सहाव्या अध्यायात इंद्रियांचं ‘श्रेष्ठ कोण’ म्हणून भांडण लागतं. शेवटी प्राण निघू लागतो तेव्हा बाकीची इंद्रियं मुळासकट उपटली जायला लागतात, ‘यथा महासुहयः सैन्धवः’, जसा सिंधूकडचा थोर घोडा पाय बांधलेल्या खुंट्या उपटून काढतो. काय ताकदीची प्रतिमा आहे! इथे ‘सैन्धव’ हे ‘हय’चं विशेषण आहे हेही बघा. पुढे विशेष्य गळलं आणि विशेषणच नाम झालं. मिठाच्या बाबतीत ‘लवण’ गळलं, पण आपल्या ‘शेंदेलोण’मध्ये ते अजून टिकून आहे.

अमरकोश रचणाऱ्या अमरसिंहानेही कोशात दोघांची सोय वेगवेगळ्या विभागांत केली. घोडा क्षत्रियवर्गात, मीठ वैश्यवर्गात.

मग वाचताना ओळखायचं कसं? शास्त्रकारांनी यासाठी हाच शब्द उदाहरण म्हणून घेतला : ‘सैन्धवमानय’, सैंधव आण. जेवणाच्या वेळी म्हटलं तर मीठ आणायचं, प्रवासाला निघताना म्हटलं तर घोडा. याला, म्हणजे बोलण्याच्या संदर्भाला, ते ‘प्रकरण’ म्हणतात. बोली मराठीत मात्र घोड्याचा अर्थ उतरलाच नाही, त्यामुळे आपल्याकडे सैंधव मागितलं की मीठच मिळतं.