घामोळं आलंय, काय लावू?

प्रश्न : ताई, लेक बाळंतपणाला माहेरी आलीये, नातू दीड महिन्याचा आहे. आम्ही चिपळूणला असतो, उकाड्याने जीव नकोसा झालाय. बाळाच्या मानेवर, कपाळावर बारीक लाल पुरळ उठलंय. रोज तेलाचं मालिश, डाळीच्या पिठाने आंघोळ, वर पावडर, सगळं करतो तरी कमीच होत नाही. शेजारणीने सांगितलं खोबरेलात कापूर घालून लावा. लावू का?

उत्तर : आजी, कापूर अजिबात नको. तान्ह्या बाळाच्या कातडीतून तो अंगात भिनतो आणि झटके येऊ शकतात, तेल करून ठेवलं असेल तर आधी टाकून द्या.

तुम्ही सांगताय त्यावरून घामोळंच वाटतंय. घाम बाहेर यायच्या बारीक नळ्या तोंडाशी बुजतात आणि घाम आतच अडकतो, बाळांच्या नळ्या अजून पुरत्या तयार झालेल्या नसतात म्हणून त्यांना पटकन येतं, त्यात कोकणातली दमट हवा, घाम वाळणार कधी? आणि आपण मायेने वरून अजून थर देतो. तेलाने तोंडं आणखी बुजतात, पीठ मानेच्या घडीत अडकून कोवळी कातडी खरवडते, पावडर घामात भिजून तिचे गोळे होतात आणि जी उधळते ती बाळाच्या छातीत जाते.

एकदा उजेडात मानेची घडी दोन बोटांनी हळूच उघडून बघा. टाचणीच्या टोकाएवढे सुटे सुटे लाल ठिपके असतील तर घामोळं. पाण्याने भरलेले पारदर्शक, लाली नसलेले फोड असतील तर तेही घामोळंच, त्याला काही लावावं लागत नाही. पण घडीत सलग लालभडक, ओलसर दिसत असेल आणि कडेला थोडे सुटे ठिपके, तर ती बुरशी असू शकते, तिचं मलम वेगळं, डॉक्टरांना दाखवा.

आता काही दिवस मालिश, पीठ, पावडर, शेक, धुरी सगळं बंद. त्याने बाळाचं काही अडत नाही. साध्या, जेमतेम कोमट पाण्याने आंघोळ, मऊ सुती कापडाने टिपायचं, पुसायचं नाही, आणि घडी थोडा वेळ उघडी ठेवून वारं लागू द्यायचं. कानटोपी काढा, दुपट्यात गुंडाळू नका, खालचं प्लॅस्टिकही काढा. बाळंतिणीच्या खोलीत पंखा नको असं घरात कोणी म्हणेल, पण सर्दी विषाणूंमुळे होते, पंख्याने नाही, बिनधास्त लावा, फक्त वारं थेट तोंडावर नको. आणि उकडतंय म्हणून वरचं पाणी पाजू नका, सहा महिन्यांपर्यंत अंगावरचं दूधच, हवं तर जास्त वेळा. अंग गार राहिलं की दोन-तीन दिवसांत उतरायला लागतं. ताप 100.4 फॅरनहाइट किंवा वर गेला, बाळ दूध ओढेना, किंवा फोडांत पू दिसला तर मात्र त्याच दिवशी दवाखान्यात न्या, एवढ्या लहान बाळाचा ताप घरी बघत बसायचा नसतो.

प्रश्न : मी डोंबिवलीहून रोज लोकलने जातो, पाठीवर सॅक. पाठीला आणि जांघेत घामोळं झालंय. मेडिकलमधून ट्यूब आणली, लावली की दोन दिवसांत बरं वाटतं, सोडली की परत, आणि आता जांघेतलं गोल गोल पसरतंय.

उत्तर : दादा, पाठीवरचं घामोळं असेल, जांघेतलं मला नाही वाटत. घामोळं असं कड धरून गोल पसरत नाही, कडेला उठावदार लाल आणि मध्ये थोडं साफ असेल तर तो बहुतेक नायटा आहे. ट्यूबवर क्लोबेटासॉल, बेक्लोमेथासोन, बीटामेथासोन असं काही लिहिलंय का बघा. ही स्टेरॉइडं आहेत, खाज आणि लाली दाबतात, खाली बुरशी आरामात वाढते, शिवाय जांघेतली कातडी पातळ होऊन कायमचे पट्टे पडतात. अशा ट्यूबांनी चिघळलेले नायटे आम्ही रोज बघतो आणि फार वाईट वाटतं, कारण वेळेवर आले असते तर साधं मलम पुरलं असतं. स्किनच्या डॉक्टरांकडे जा, ट्यूब सोबत न्या, आणि औषध सांगतील तितके आठवडे घ्या, खाज थांबली म्हणून मध्येच सोडू नका.

पाठीसाठी सॅक जमेल तेव्हा हातात घ्या, सुती सैल शर्ट, घरी आल्या आल्या गार पाण्याने आंघोळ. खाज फार सुटली तर गार ओला फडका ठेवा नाहीतर कॅलामाइन, बाटली नीट हलवून कापसाने पातळ लावा. खाज रात्रीच जास्त येत असेल, बोटांच्या बेचक्यातही असेल आणि घरात दुसरं कोणी खाजवत असेल तर ती खरूज असू शकते, तेही डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : अकोल्यात असतो, दिवसभर कूलर चालू तरी मुलांना घामोळं कसं?

उत्तर : खोली बंद ठेवता का? मग कूलर तीच ओली हवा फिरवत राहतो, खोली दमट होते आणि घाम वाळत नाही. कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूला बसवा आणि समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवा, पाऊस सुरू होऊन हवाच दमट झाली की पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालवा.