केअर एथिक्स : 'सेवानीती' की 'काळजीची नीती'?

नाशिकच्या समाजकार्याच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय, केअर एथिक्सला, म्हणजे नाती आणि एकमेकांची काळजी यांतून नैतिकतेचा विचार करणाऱ्या विचारधारेला, मराठीत काय म्हणावं? पंचवटीत एकट्या राहणाऱ्या वृद्धांमध्ये तिचं क्षेत्रकार्य चालू आहे. मार्गदर्शकांनी 'सेवानीती' सुचवलं, तिला ते पटलं नाही.

मलाही नाही. देवाची सेवा, गुरूची सेवा; गोदाकाठी तर हा शब्द भक्तीतच मुरलेला. त्यात करणाऱ्याच्या पदरी पुण्य पडतं, पण समोरच्याला काय हवंय हे विचारायचं राहूनच जातं. त्यापेक्षा 'काळजी' हा शब्द घ्या. बाल न्याय कायद्याच्या मराठीतही 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले बालक' असंच म्हणतात.

मात्र क्रियापद जपून वापरा. "तू काळजी करू नकोस, मी घेते काळजी," या वाक्यात पहिली काळजी मनातली, दुसरी हातांनी करायची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांनी १९८२मध्ये दाखवलं, की नैतिकता केवळ हक्क आणि न्यायाच्या मापाने मोजली, तर नात्यांतून जबाबदारीचा विचार करणाऱ्यांचा, विशेषतः बायकांचा, आवाज ऐकूच येत नाही. पुढे राज्यशास्त्राच्या अभ्यासक जोन ट्रॉन्टो यांनी काळजीच्या चार पायऱ्या सांगितल्या: गरज लक्षात येणं, जबाबदारी उचलणं, प्रत्यक्ष करणं, आणि ज्याच्यासाठी केलं त्याचा प्रतिसाद.

तिसऱ्या पायरीसाठी आपल्या घरांत फार नेमका प्रयोग आहे. "तिने सासूचं शेवटपर्यंत केलं." काय केलं, ते सांगावं लागत नाही. अंघोळ, औषधं, रात्रीची जागरणं, बेडपॅन, सगळं त्या 'चं'मध्ये येतं. कर्ता बहुतेकदा बाईच असते, हेही आपण गृहीत धरतो. प्रबंधात यावर एक प्रकरण व्हावं, इतकं त्यात आहे.

या वाक्यात सासू काहीच बोलत नाही. चौथी पायरी निसटते ती इथे. त्या पायरीसाठी 'शुश्रूषा' आठवा. मूळ धातू 'श्रु', म्हणजे ऐकणे. शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. पुढे आज्ञा पाळणं, मग रुग्णाची देखभाल, असा अर्थ सरकत गेला. आज तो शब्द दवाखान्यापुरता उरला असल्याने चौथ्या पायरीला मी 'विचारपूस' म्हणेन. आजींना डबा पोचला, एवढ्यावर नोंद थांबवू नका. भाकरी चावता येते का, तेही विचारून लिहा. आणि 'लाभार्थी' हा शब्द सरकारी रकान्यापुरताच ठेवा.