वाचनालयातले तरुण स्वयंसेवक टिकवायचे कसे?

तुम्ही विचारलंय की सार्वजनिक वाचनालयात पंधरा ते वीस वयाची मुलं उत्साहाने नाव नोंदवतात आणि थोड्याच दिवसांत येईनाशी होतात, यावर उपाय काय. मी वाचनालयातच काम करते आणि स्वयंसेवकांचं नियोजन माझ्याकडे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी त्यांना काय काम दिलंय ते बघा. परत आलेली पुस्तकं कपाटात लावणं, धूळ पुसणं, खुर्च्या मांडणं ही कामं लागतातच, पण रोज तेवढंच वाट्याला आलं तर कोणीही कंटाळेल. मुलांच्या हक्कांचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत: मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं विचारणं. कार्यक्रमात फोटोपुरतं पुढे करायचं आणि बैठकीला बोलवायचं नाही, हे त्यातच मोडतं.

त्यांच्या हाती निर्णय द्या, तोही पैशांचा, असं माझं ठाम मत आहे. पुस्तकखरेदीच्या रकमेतला छोटासा वाटा त्यांच्या गटाकडे सोपवा. यादी त्यांनी करायची, प्रत्येक पुस्तक का हवं ते लिहायचं. ग्रंथपालांनी एखादं नाव वगळलं तर त्याचं कारण त्यांना समोर बसवून सांगायचं. हे सांगणं टाळू नका, कारण यादीचं पुढे काय झालं हे कळलं नाही की मुलांचं मन उडतं. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा येतील, भयकथा येतील, तुम्हाला न रुचणारं बरंच काही येईल. येऊ द्या. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, हे भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणाऱ्या रंगनाथन यांनी १९३१ मध्येच सांगून ठेवलंय, आणि सोळाव्या वर्षी काय वाचावंसं वाटतं हे सोळा वर्षांच्या मुलांनाच जास्त ठाऊक.

दुसरं म्हणजे त्यांची लहान मुलांशी गाठ घालून द्या. ब्रिटनमधल्या वाचनालयांत १९९९ पासून उन्हाळी सुट्टीत मुलांसाठी वाचनाचा उपक्रम चालतो. त्यात तरुण स्वयंसेवक मुलांशी त्यांनी वाचलेल्या पुस्तकांबद्दल गप्पा मारतात. मोठ्या माणसाने विचारलं की मुलाला परीक्षा वाटते. ताईने किंवा दादाने विचारलं की ते भडाभडा बोलतं. ज्येष्ठ सभासदांना ई-पुस्तकं उघडून दाखवणंही ही मुलं छान करतात.

काही बाबतींत मात्र कडक राहा. कोणी कोणतं पुस्तक नेलं ही नोंद खासगी असते, ती स्वयंसेवकांना दिसता कामा नये. अठराखालच्यांसाठी पालकांची लेखी संमती घ्या आणि बालविभागात एक कर्मचारी कायम हजर ठेवा. पगारी माणसाची रिकामी जागा या मुलांवर भागवण्याची सूचना कधी ना कधी येईल, तेव्हा स्पष्ट नकार द्या. कर्मचारीच नसतील तर त्यांना शिकवणार कोण?

कामाला मुदत असू द्या, दोन-तीन महिन्यांची, आणि परीक्षा आल्या की आपणहून सुट्टी द्या. अशी गेलेली मुलं परत येतात. प्रमाणपत्रावर ‘मोलाचे सहकार्य केले’ असं मोघम न लिहिता ‘किशोर विभागासाठी पुस्तकनिवड केली’ असं नेमकं काम नोंदवा. नोकरीच्या अर्जाला तेच उपयोगी पडतं.