मोल टाकायचे की कॉन्सन्ट्रेशन?

प्रश्न : नमस्कार सर, मी अकरावी सायन्सला आहे. इक्विलिब्रियमच्या गणितात मी मोल्स तसेच केसीच्या (इक्विलिब्रियम कॉन्स्टंटच्या) फॉर्म्युल्यात टाकतो. १० लिटरच्या भांड्यात १ मोल हायड्रोजन, १ मोल आयोडीन, ४३० अंश सेल्सिअसला केसी ५४.३, किती मोल हायड्रोजन आयोडाइड होईल, हे गणित तसं केलं आणि उत्तर बरोबर आलं. मग तेवढ्याच भांड्यात १ मोल एनटूओफोर (डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड), २५ अंशाला केसी ०.००४६३, किती टक्के फुटून एनओटू (नायट्रोजन डायऑक्साइड) होईल, हे काढलं तर माझं ३.३ टक्के येतंय आणि पुस्तकात १०.२ दिलंय. छपाईची चूक असेल का? आणि खाली वजा केलेला एक्स (म्हणजे जेवढं फुटलं ते) सोडून दिला तर चालतो का? क्वाड्रॅटिकचा जाम कंटाळा येतो. (एक वाचक, सातारा)

उत्तर : पुस्तकावर ढकलू नकोस रे, पुस्तक बरोबर आहे. गंमत म्हणजे तुझी आकडेमोडही बरोबर आहे, फक्त ती दुसऱ्याच भांड्याची आहे.

केसीमध्ये टाकायचं असतं कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे मोल भागिले लिटर; वर तयार झालेल्याचं, खाली उरलेल्याचं. हायड्रोजन आयोडाइडच्या रिअ‍ॅक्शनमध्ये डावीकडे दोन मोल गॅस आणि उजवीकडेही दोनच, त्यामुळे वर १० चा वर्ग, खाली १० चा वर्ग, दोन्ही कटाप. भांडं १० लिटरचं घे नाहीतर १०० चं, १.५७ मोल हायड्रोजन आयोडाइडच येणार. तिथे तू वाचलास ते एवढ्याचसाठी.

एनटूओफोरचं तसं नाही, एकाचे दोन होतात, वर व्हॉल्यूमचा वर्ग आणि खाली साधा व्हॉल्यूम, म्हणजे एक १० शिल्लक राहतो आणि तू तो खाऊन टाकलास. मोल्स तसेच टाकले याचा अर्थ भांडं १ लिटरचं धरलं, आणि १ लिटरमध्ये खरंच ३.३ टक्केच फुटतं! भांडं मोठं केलं, प्रेशर कमी झालं की रिअ‍ॅक्शन जास्त मोल्सच्या बाजूला सरकते, ला शातेलिएचा नियम तो हाच, तुझ्या आणि पुस्तकाच्या उत्तरांत तो आयताच दिसतोय बघ.

आता नीट करू. सुरुवातीला ०.१ मोलर (१ मोल भागिले १० लिटर) एनटूओफोर, एनओटू शून्य. एक्स इतकं फुटलं तर उरलं ०.१ वजा एक्स आणि एनओटू झालं २ एक्स. वर्ग करताना त्या २ चाही वर्ग होतो हं, ४ एक्सवर्ग, इथे वर्गातली निम्मी मुलं घसरतात. ४ एक्सवर्ग भागिले (०.१ वजा एक्स) बरोबर ०.००४६३, सोडवलं की एक्स ०.०१०२, म्हणजे १०.२ टक्के.

एक्स सोडायचं विचारलंस. सोडून बघ, ०.०१०८ येईल, म्हणजे १०.८ टक्के. फार लांब नाही, पण एमसीक्यूमध्ये दोन्ही पर्याय शेजारी दिले तर गेलास. सहसा एक्स मूळ कॉन्सन्ट्रेशनच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तरच सोडतात, इथे तो दहाच्या वर आहे, तेव्हा क्वाड्रॅटिकला पर्याय नाही. हायड्रोजन आयोडाइडला मात्र दोन्ही बाजूंचं वर्गमूळ घेतलं की काम होतं, कारण हायड्रोजन आणि आयोडीन सारखेच घेतलेत, ते कमीजास्त दिले असते तर तिथेही क्वाड्रॅटिक आलंच असतं.