‘लोकसहभाग’ कशाला म्हणायचे?

प्रश्न असा आला आहे : आरोग्य केंद्राच्या अहवालात ‘शिबिरात ग्रामस्थांनी मोठ्या संख्येने सहभाग घेतला’ असे वाक्य असते. ‘सहभाग घेणे’ बरोबर का? आणि लोकसहभाग, प्रतिसाद, लोकवर्गणी यांत फरक काय?

व्याकरणाचे आधी उरकू. भाग घेतात, सहभागी होतात, सहभाग असतो. ‘सहभाग घेणे’ आता इतके रुळले आहे की त्याला चूक ठरवत बसण्यात अर्थ नाही. मी मात्र ‘भाग घेतला’ असेच लिहीन.

अर्थाचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. लोक आले, रक्तदाब तपासून घेतला, गोळ्या घेऊन घरी गेले, तर त्यांनी शिबिराचा लाभ घेतला किंवा शिबिराला प्रतिसाद दिला. तुमच्या वाक्यात तेच शब्द हवेत. घरटी पैसे काढले तर लोकवर्गणी, खड्डे खणले तर श्रमदान. ‘लोकसहभागातून उपकेंद्राची रंगरंगोटी’ या बातमीत बहुधा वर्गणीच असते. वर्गणीही मोलाचीच, पण भिंती रंगवायच्या की आधी बाळंतपणाच्या खोलीत पाणी आणायचे, हे ठरवताना गावाला विचारले होते का? गाव त्या निर्णयात असेल, तर तो लोकसहभाग.

हा अर्थ माझ्या पदरचा नाही. सप्टेंबर १९७८मध्ये त्या वेळच्या सोव्हिएत कझाकस्तानातल्या अल्मा-अता शहरी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा निघाला. आपल्या आरोग्यसेवेच्या नियोजनात आणि अंमलबजावणीत एकेकट्याने व मिळून सहभागी होणे हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही, असे त्याचे चौथे कलम सांगते. त्यात नियोजन आधी येते, हे विसरू नये. ब्राझीलने १९९०च्या कायद्याने आरोग्य परिषदांमधल्या निम्म्या जागा सेवा वापरणाऱ्या नागरिकांना दिल्या, आणि धोरणाबरोबर पैशाच्या बाबींवरही त्यांची देखरेख ठेवली. लोकसहभागाचा इतका रोखठोक अर्थ क्वचितच कुठे कायद्यात उतरला असेल.

आपल्याकडे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये काम सुरू केले, तेव्हा गावांची पहिली निकड दवाखाना नव्हती. पाणी आणि अन्न होती. कामाने ती निकड मानली. पुढे गावातल्याच बायका, त्यांतल्या कित्येक निरक्षर, बाळंतपण आणि मुलांची वजने सांभाळू लागल्या. डॉक्टरांनी ठरवायचे आणि गावाने ऐकायचे, ही रीत तिथे मोडली, म्हणून जामखेडला हा शब्द पुरेपूर लागू पडतो.

महाराष्ट्रात २००७पासून ‘लोकाधारित देखरेख’ हा शब्दही आला. यात गावकरी सरकारी आरोग्यसेवा कशी मिळते ते तपासतात आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढे मांडतात. ही लोकसहभागाचीच एक बाजू. दोन्ही शब्द जपून ठेवावेत. कागदोपत्री ‘सामुदायिक सहभाग’ही आढळतो. अर्थ तोच, पण ग्रामसभेत बोलायचे तर ‘लोकसहभाग’च बरा, तो कुणालाही समजावून सांगावा लागत नाही.